तिथीची फाइल कोणाची?

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो आणि त्याच्या घरी संकष्टीचा उपास अजून पाळला जातो. आपल्याकडच्या छापील दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा मुंबई-पुण्याच्या असतात. त्यांचा तिथे काहीच उपयोग नाही. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असला, तरी पुण्यात पहाटेचे सहा वाजलेले असताना न्यू जर्सीत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, त्यामुळे चंद्रोदयाला चतुर्थी नेमकी कोणत्या तारखेला मिळते, याचे उत्तर तिथे कधीकधी एका दिवसाने निराळे निघते. दर महिन्याला फोनवरून हा हिशेब सांगून कंटाळल्यावर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पुढच्या दहा वर्षांच्या तिथींच्या समाप्तीच्या वेळांची एक फाइल पुण्यासाठी आणि एक भावाच्या गावासाठी तयार केली. एका वर्षात सुमारे ३७१ तिथी येतात, म्हणजे दहा वर्षांच्या साधारण ३,७१० ओळी झाल्या. आणखी कोणाला उपयोग होईल म्हणून दोन्ही फाइली मी इथेच, या संकेतस्थळावर, उतरवून घेण्यासाठी ठेवल्या.

काही महिन्यांनी एका छोट्या दिनदर्शिका-प्रकाशकाचे पत्र आले. आमच्या पंचांगातील वेळा आपण परवानगीवाचून घेतल्या आहेत, हा प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग आहे, फाइल पंधरा दिवसांत काढून टाकावी, असा त्याचा आशय होता. सोबत चाळीस ओळींचा तक्ता जोडला होता. डावीकडे त्यांची वेळ, उजवीकडे माझी, आणि चाळीसही ठिकाणी मिनिटाला मिनिट जुळत होते.

पत्र वाचून आधी राग आला आणि मग कुतूहल वाटले. मी त्यांचे पंचांग समोर ठेवून एकही आकडा टंकला नव्हता, पण चाळीस ओळी जुळत होत्या हेही खरे होते. दोन माणसांनी वेगवेगळ्या वाटेने जाऊन तीच फाइल तयार केली, तर ती कोणाची, हा प्रश्न मला पत्रातल्या धमकीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटू लागला.

माझी वाट अशी होती. अमेरिकेतील नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या स्थितींच्या फाइली सर्वांसाठी खुल्या ठेवते. त्यांपैकी डीई४४०एस ही सुमारे ३२ एमबीची फाइल मी घेतली. तिच्यात १८४९ ते २१५० या काळातील स्थिती आहेत. कोणत्याही क्षणी चंद्राच्या भोगांशातून (राशीचक्रावरील अंशांतल्या स्थानातून) सूर्याचा भोगांश वजा केला की जे अंतर उरते ते १२ अंशांच्या पटीला पोहोचले, की एक तिथी संपते. तो क्षण सेकंदापर्यंत शोधून जवळच्या मिनिटाला आणायचा, एवढेच माझ्या प्रोग्रॅमचे काम होते. इथे एक गोष्ट पंचांगाशी संबंध नसलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही: तिथीला अयनांश, म्हणजे राशीचक्राच्या दोन वेगळ्या आरंभांमधले अंतर, लागत नाहीत. राशीचक्राचा आरंभ कोठूनही धरला, तरी दोन भोगांशांच्या वजाबाकीत तो निघून जातो. म्हणून चित्रा ताऱ्यावरून आरंभ धरणारे चित्रापक्षाचे पंचांग असो की रेवती ताऱ्यावरून धरणारे रेवतीपक्षाचे, आधुनिक गणिताने केलेली तिथी सर्वत्र एकाच वेळी संपली पाहिजे. न संपली तर कोणाचे तरी गणित चुकले आहे. नक्षत्राचे तसे नाही. तिथे अयनांशाचा फरक सरळ वेळेत उतरतो.

या अर्थाने आपल्याकडे हा प्रश्न प्रताधिकाराच्या कायद्यापेक्षा जुना आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला आणि पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील पंचांगे त्यावरून होत राहिली. दोन गावांतल्या दोन जोश्यांनी अशा एकाच करणग्रंथावरून (पंचांगगणिताच्या ग्रंथावरून) गणित केले तर घटी-पळे (एक घटी म्हणजे २४ मिनिटे) जुळणारच. ती जुळली म्हणून कोणी कोणाला चोर म्हटले नसते, उलट न जुळली तर पाटी पुन्हा पुसली गेली असती. तिथी जास्तीत जास्त ६५ घटींची आणि कमीत कमी ५४ घटींची, हा ‘बाणवृद्धी रसक्षय’ नियमही सर्वांना समान होता. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नाविकांसाठी ग्रहस्थिती छापणाऱ्या इंग्रजी नॉटिकल आल्मनाकच्या आधाराने आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले आणि वाद पेटला, तो वेगळ्या कारणाने: नव्या गणितात तिथी ५० घटींपर्यंत खाली आणि ६७ घटींपर्यंत वर जाऊ लागली. भांडण आकडा खरा की परंपरेचा, यावर होते. आकडा कोणाच्या मालकीचा, असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता कायदा. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत तक्ते आणि संकलने येतात, आणि संगणकावरील डेटाबेसही येतात, त्यामुळे ‘आकड्यांना कसला आलाय कॉपीराइट’ असे म्हणून पत्र बाजूला टाकता येत नाही. पण कृती मूळची असली पाहिजे, अशी अट आहे, आणि मूळची म्हणजे काय, यावर आपल्या न्यायालयांचे मत बदलत गेले आहे. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या यादीला संरक्षण दिले, तेव्हा यादी जमवण्यामागचे श्रम आणि खर्च यांना वजन मिळाले. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात नुसत्या घामावर हक्क मिळत नाही, थोडे तरी कौशल्य आणि विवेक दिसला पाहिजे, असे ठरवले. तो वाद न्यायालयाच्याच निकालांच्या संपादित प्रतींचा होता. निकालाचा मजकूर कोणाचा नाही, स्पेलिंग सुधारल्याने वा उद्धरणे जोडल्याने तो कोणाचा होत नाही. पण परिच्छेद पाडणे, त्यांना अंतर्गत संदर्भ देणे आणि कोणता न्यायाधीश कोठे सहमत वा असहमत आहे हे दाखवणे, एवढ्या गोष्टींना न्यायालयाने संरक्षण दिले. काय सुटले आणि काय राखले गेले, याची इतकी बारीक वाटणी मला फार शिकवणारी वाटली.

याच विचाराचे मूळ अमेरिकेतील १९९१ च्या फाइस्ट खटल्यात सापडते. कॅन्ससमधील रूरल या दूरध्वनी कंपनीने फाइस्ट या डिरेक्टरी छापणाऱ्या कंपनीवर दावा लावला. फाइस्टच्या १९८३ च्या पुस्तकातील ४६,८७८ नोंदींपैकी १,३०९ नोंदी रूरलच्या नोंदींशी तंतोतंत जुळत होत्या, आणि त्यांत चार नोंदी अशा होत्या की त्या नावांची माणसेच नव्हती. नक्कल पकडण्यासाठी रूरलने त्या मुद्दाम पेरल्या होत्या. म्हणजे नक्कल सिद्ध झाली, वाद उरला नाही. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फाइस्टच्या बाजूने निकाल दिला, कारण गावातील लोकांची नावे आणि क्रमांक अकारविल्हे लावण्यात किमान सर्जनशीलताही नव्हती.

म्हणजे माझ्यापुढे दोन वेगळे प्रश्न होते आणि पत्रात त्यांची सरमिसळ झाली होती. पहिला, मी नक्कल केली का. दुसरा, नक्कल केली असती तरी त्या वस्तूवर कोणाचा हक्क होता का. स्वतंत्रपणे केलेली कृती दुसऱ्या कृतीशी अक्षरशः जुळली, तरी प्रताधिकाराचा भंग होत नाही. हा हक्क पेटंटसारखा नाही, की जो आधी पोहोचला त्याने इतरांची वाट बंद करावी. पण मी स्वतंत्रपणे केले, हे म्हणायला सोपे आणि दाखवायला कठीण. म्हणून मी त्यांच्या चाळीस ओळींपुरते न थांबता त्या वर्षीचे त्यांचे छापील पंचांग विकत आणले आणि ३७१ च्या ३७१ तिथी दोन संध्याकाळी बसून ताडून पाहिल्या. जवळपास निम्म्या ओळींत एका मिनिटाचा फरक निघाला आणि तो प्रत्येक वेळी एकाच दिशेचा होता: माझी वेळ एक मिनिट पुढे. कारण उघड होते. त्यांच्या पंचांगात सेकंद सोडून दिले जातात, मी ते जवळच्या मिनिटाला आणते. सेकंद तिसाच्या आत असले की आमचे जुळते, तीसच्या पुढे गेले की जुळत नाही. पत्रलेखकाने जुळणाऱ्या चाळीस ओळी निवडल्या होत्या, एवढेच. छापील आकड्यांवरून नक्कल करणाऱ्याला तिथे नसलेले सेकंद कोठून मिळणार? माझ्या बाजूचा याहून चांगला साक्षीदार मला मिळाला नसता.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण ती लपवून हा लेख प्रामाणिक होणार नाही. मी छापील पंचांगाशी पहिल्यांदा ताडून पाहिले ते पत्र आल्यावर नव्हे. फाइल तयार होत असतानाही मी एक पंचांग (हे नव्हे, दुसरे) शेजारी ठेवले होते. माझ्या पहिल्या आवृत्तीत सगळ्या वेळा एका मिनिटाहून थोड्या अधिक उशिराच्या येत होत्या. तीन रात्री डोके धरून बसल्यावर लक्षात आले, की ग्रहस्थितीच्या फाइलीतला काळ आणि आपल्या घड्याळाचा काळ एक नाहीत. २०१७ पासून त्यांच्यात ६९.१८४ सेकंदांचे अंतर आहे आणि मी ते वजा करायला विसरले होते. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली आणि सगळ्या तिथी जागेवर आल्या. चूक दाखवली दुसऱ्याच्या पंचांगाने. मग माझी फाइल स्वतंत्र राहिली का?

या प्रश्नाला सर्वांत जवळचा खटला मला ऑस्ट्रेलियात सापडला. आइसटीव्ही नावाच्या कंपनीला दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे वेळापत्रक आपल्या ग्राहकांना द्यायचे होते. त्यासाठी ऑगस्ट २००४ मध्ये त्यांच्या एका कर्मचाऱ्याने तीन आठवडे दूरचित्रवाणीसमोर बसून कोणता कार्यक्रम केव्हा लागतो हे टिपून घेतले, त्यावरून पुढच्या आठवड्यांचे अंदाज बांधले गेले, आणि मग ते अंदाज प्रसिद्ध झालेल्या वेळापत्रकांशी ताडून जिथे फरक दिसला तिथे सुधारले गेले. नाइन नेटवर्क या वाहिनीने दावा लावला. खालच्या न्यायालयात आइसटीव्ही जिंकली, अपिलात हरली, आणि २२ एप्रिल २००९ रोजी तिथल्या सर्वोच्च पायरीच्या हाय कोर्टाने तिच्या बाजूने निर्णय दिला: कार्यक्रमाचे नाव आणि वेळ ही माहिती सांगण्याच्या फारशा रीती नसतात, त्यामुळे जे घेतले गेले तो मूळ कृतीचा महत्त्वाचा भाग ठरत नाही. माझ्यापेक्षा आइसटीव्ही एक पाऊल पुढे गेली होती. तिने फरक दिसला की आकडाच बदलला. मी आकडा बदलला नव्हता, आकडा ज्या नियमातून येतो तो नियम दुरुस्त केला होता. कायद्याला या फरकाची गरज पडेलच असे नाही, पण मला पडली. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. कोणत्या तारखेला कोणत्या छापील साधनाशी ताडले, काय फरक दिसला, प्रोग्रॅममधली कोणती ओळ बदलली, हे तिच्यात लिहिते, आणि फाइलीतला एकही आकडा हाताने बदलत नाही.

वहीची ही कल्पना माझी नाही. जगभरातल्या संगणकांना आणि मोबाइलना कोणत्या देशाचे घड्याळ केव्हा किती सरकले हे सांगणारा जो कालविभागांचा डेटाबेस आहे, त्याच्या फाइली उघडून पाहिल्या तर आकड्यांइतक्याच टिपा दिसतात: हा बदल अमुक ठिकाणी वाचला, तमुकाने हे कळवले. भारतापुरते पाहिले तर १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात आपली घड्याळे एक तास पुढे होती, हेही तिथे नोंदलेले आहे. त्या वर्षांतल्या जन्माची पत्रिका करणाऱ्याने ते विसरून चालत नाही. या डेटाबेसवर खटलाही झाला, आणि तोही ज्योतिषावरूनच. ३० सप्टेंबर २०११ रोजी ॲस्ट्रोलेब या ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने हा डेटाबेस सांभाळणारे आर्थर डेव्हिड ओल्सन आणि पॉल एगर्ट यांच्यावर दावा लावला, कारण जुन्या काळातले कित्येक बदल आपल्या मालकीच्या ज्योतिषी ॲटलासमधून घेतले आहेत, असे तिचे म्हणणे होते. घेतले होते हे लपवलेलेच नव्हते. टिपांमध्ये त्या ॲटलासचे नाव होते. एका आठवड्यात ओल्सन यांनी आपला सर्व्हर बंद केला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर इंटरनेटवरील नावे आणि पत्ते यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने डेटाबेसची जबाबदारी उचलली. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे वकील दोघांच्या बाजूने उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने माफी मागून दावा मागे घेतला. एखाद्या शहराने अमुक साली घड्याळ पुढे केले, ही घटना कोणाच्या मालकीची असू शकत नाही, हे अखेर तिलाही मान्य करावे लागले. प्रामाणिक टीप दावा लावणाऱ्याच्या हातात पहिला पुरावा देते, हे खरेच. पण तिच्यावाचून दोघांना आपली बाजू इतक्या सरळपणे मांडता आली नसती.

युरोपात मात्र थोडे जपून राहावे लागते. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानुसार तिथे डेटाबेसवर प्रताधिकाराहून वेगळा, १५ वर्षांचा हक्क मिळतो आणि त्याला सर्जनशीलता लागत नाही, भरीव गुंतवणूक पुरते. तरीही २००४ मध्ये ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्ड (घोड्यांच्या शर्यतींची संस्था) विरुद्ध विल्यम हिल (पैजा घेणारी कंपनी) या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितले, की गुंतवणूक मोजायची ती आधीच असलेली माहिती जमवण्यातली आणि पडताळण्यातली, नवी माहिती निर्माण करण्यातली नाही. बोर्ड आपल्या डेटाबेसवर वर्षाला सुमारे ४० लाख पौंड खर्च करीत होते, पण कोणता घोडा कोणत्या शर्यतीत हे तेच ठरवत असल्याने तो खर्च हिशेबात धरला गेला नाही. गणिताने उत्पन्न केलेल्या तिथी यांत कोठे बसतील, यावर रात्रभर वाद घालता येईल. आपल्या कायद्यात असा वेगळा हक्कच नाही, म्हणून मी तो वाद घातला नाही.

प्रकाशकाला उत्तर लिहिताना मी एका बाबतीत त्यांच्या बाजूला झुकले. त्यांच्या पंचांगात तिथीच्या वेळेशेजारी सणांचा रकाना आहे: स्मार्त एकादशी कोणत्या दिवशी, भागवत कोणत्या दिवशी, प्रदोष कोठे धरला, श्राद्धतिथी कोणती. हे वजाबाकीतून निघत नाही. सूर्योदयाला, मध्यान्हाला, की निशीथाला (मध्यरात्री) तिथी पाहायची, दोन्ही दिवशी मिळाली किंवा एकाही दिवशी मिळाली नाही तर काय करायचे, याचा निर्णय धर्मशास्त्र वाचलेला माणूस करतो, आणि मोडक खटल्यात जे कौशल्य आणि विवेक शोधले गेले ते इथे उघड दिसते. त्या निर्णयांची वर्षभराची यादी जशीच्या तशी उचलली असती, तर मला बचाव शोधताना घाम फुटला असता. माझ्या फाइलीत तो रकाना नाही, आणि तो मी छापील पंचांगावरून कधी भरणार नाही, असे मी लिहून दिले. बाकी उत्तरात प्रोग्रॅम, वहीची पाने आणि ३७१ ओळींचा तक्ता जोडला. पंधरा दिवस गेले, दोन महिने गेले. पुढे पत्र आले नाही.

गणितासाठी ज्या ग्रहस्थितीच्या फाइली घेतो त्यांचा परवानाही पाहून ठेवावा, हे सांगायचे राहिले. पुष्कळ पंचांगी ॲप स्विस एफेमेरिस ही ग्रहगणिताची प्रणाली वापरतात. ती एजीपीएल या खुल्या परवान्यावर किंवा पैसे भरून मिळते, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या ग्रहस्थितीच्या फाइलींना तोच परवाना लागू होतो. प्रोग्रॅमने काढलेल्या उत्तराला मात्र सहसा प्रोग्रॅमचा परवाना चिकटत नाही, जसे टंकलेखनयंत्र विकणाऱ्याचा तुमच्या पत्रावर हक्क नसतो. फाइल जोडून देणे आणि फाइलीतून काढलेले उत्तर देणे यांत गल्लत करू नये.

राहता राहिला माझा स्वतःचा हक्क. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आले, की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारण झालेली व्यक्ती. त्या वाक्यावर बोट ठेवून मी माझ्या ३,७१० ओळींची कर्ती म्हणून मिरवू शकले असते. पण कर्ती कोण, हा प्रश्न कृती मूळची ठरल्यानंतरचा आहे, आणि प्रकाशकाला मी जे ऐकवले होते ते मलाही लागू होते. वजाबाकी चंद्रसूर्यांची, नियम सर्वांचा. मी फाइलीवर ‘सर्व हक्क सोडले आहेत’ अशी ओळ घातली.

त्या ओळीची परीक्षा या उन्हाळ्यात झाली. एका वाचकाने कळवले, की पुण्याच्या फाइलीत एका वद्य द्वादशीची समाप्ती चक्क चोवीस तास आधीची दिसते. पाहिले तर तो क्षण रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ४१ सेकंदांचा होता. प्रोग्रॅमने सेकंद जवळच्या मिनिटाला आणले, वेळ ००:०० झाली, आणि तारीख पुढे न्यायला मी सांगितलेच नव्हते. अशी चूक होण्यासाठी तिथी मध्यरात्रीच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात संपावी लागते. ३,७१० ओळींत तशी ती एकच होती. दुरुस्ती केली, वहीत लिहिली, आणि सहज म्हणून दुकानात मिळणारी चार-पाच पंचांगी ॲप उघडून त्याच तारखेवर गेले. त्यांपैकी एकात, जाहिराती लावून पैसे मिळवणाऱ्या ॲपमध्ये, ती द्वादशी ००:०० वाजता, चोवीस तास आधी, संपत होती.

रूरलने पेरलेल्या चार नोंदींसारखी माझी ही न पेरलेली एक नोंद. क्षणभर जीव चिडला, हे खोटे कशाला बोलू. मग ॲपच्या संपर्काच्या पत्त्यावर दोनच ओळी लिहिल्या: अमुक तारखेची द्वादशी तपासावी, समाप्ती दुसऱ्या दिवशी ००:०० अशी हवी. उत्तर आले नाही. तीन आठवड्यांनी ॲपची नवी आवृत्ती आली, तिच्यात ती ओळ दुरुस्त झालेली होती आणि बाकीच्या ३,७०९ ओळी जशा होत्या तशाच होत्या.